ग्लास बाजूला ठेवून कात्री देणाऱ्या मावशींना

मावशी,

भाची तुम्हाला मादाम म्हणत होती. पण तुमच्या हातावरचे घट्टे पाहिले आणि माझ्या तोंडून मावशीच निघालं. ती हे पत्र तुम्हाला फ्रेंचमध्ये वाचून दाखवेल. मी मात्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या निफाडच्या बागायतदारांनाही तुम्ही कळायला हव्यात.

फेब्रुवारीत फोजेरला तुमच्या बागेत आलो, त्याआधीचे तीन दिवस फार वाईट गेले होते. दक्षिण फ्रान्समधल्या बागा दाखवतो म्हणून आगाऊ पैसे घेतलेल्या माणसाने आम्हाला नुसतं दुकानांतून फिरवलं. मी माळकरी. वाइनची द्राक्षं पिकवतो, वाइन घेत नाही. हे कळलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. एकाने तर तोंडावर विचारलं, पीत नाही तर बाग बघून काय करणार? वीस वर्षं वेलींत गेलेल्या माणसाला हे लागतं. अजून लागलेलं आहे.

ग्लास तुम्हीही पुढे केलात. भाचीने माळेचं सांगितलं. तुम्ही माझ्या गळ्याकडे पाहिलंत, ग्लास बाजूला ठेवलात आणि खिशातली छाटणीची कात्री काढून तिची मूठ माझ्याकडे केलीत.

मावशी, हाताला बसलेली कात्री आम्ही सख्ख्या भावालाही देत नाही.

मंडप नाही, तारा नाहीत. कारिन्यान या वाइनच्या द्राक्षाची ठेंगणी, जुनी झाडं, थेट वाऱ्यात उभी. प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, राखायचे. मी पहिली काडी कापायला गेलो तेव्हा तुम्ही कात्री थोडी वर सरकवलीत, वाळलेलं लाकूड डोळ्यापर्यंत उतरू नये म्हणून. त्यानंतर सात झाडं माझ्यावर सोडून तुम्ही पुढच्या रांगेला लागलात. मागे वळूनही पाहिलं नाहीत.

तुमची जमीन म्हणजे शिस्टचा खडक, पाटीसारखे पापुद्रे, आणि त्या फटींतून मुळं खाली गेलेली. खाली खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मूळ झाड, अमेरिकन. तुमच्याकडे मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीमुळे, आमच्याकडे डॉगरिज नावाचा खुंट लावतो तो क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे. हे बोलताना आपल्याला भाचीची गरजच पडेना.

जेवताना तुम्ही 1907 ची हकिकत सांगितलीत. साखर घालून केलेली वाइन बाजारात आली, माल जास्त झाला, भाव कोसळले. आर्जेलिए गावचा मार्सेलां आल्बेर पुढे झाला आणि लाखो माणसं बेझिए, मोंपेलिएच्या रस्त्यांवर उतरली. नार्बोनला तर गोळ्या चालल्या. सांगताना तुमचा आवाज कापला. भाव नाही म्हणून द्राक्षं बेदाण्याला घालवलेली, कांदा रस्त्यावर ओतलेली माणसं आम्ही. मला सगळं कळत होतं.

माणूस काय पितो, कुठून आला, किती बाटल्या घेईल, यातलं काही न बघता त्याच्या हाताला काम येतं का एवढंच बघणारी माणसं अजून आहेत. ती कुठल्या दुकानात भेटत नाहीत. मला एक भेटली, त्याचं ऋण मोठं आहे.

सध्या आमची द्राक्षं उतरवल्यानंतरची खरड छाटणी चालू आहे. पोरांना कात्री वर सरकवायला सांगतो आणि तुमचं नाव घेतो. कारिन्यान उशिरा फुटते म्हणाला होतात. माझ्या हातची ती सात झाडं फुटली का, तेवढं भाचीकडून कळवा.

तुमचा,
निफाडचा बागायतदार