ॲनाहाइम स्ट्रीटवरची एक भिंत ख्मेर मुलांच्या हाती द्या

मा. महापौर व नगर परिषद सदस्य,
लाँग बीच, कॅलिफोर्निया यांस

विषय : कंबोडिया टाउनमध्ये ख्मेर (कंबोडियन वंशाच्या) तरुणांच्या भित्तिचित्रासाठी जागा व निधी मिळण्याबाबत

सविनय जय भीम.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवते आहे. मराठीतून अशासाठी लिहिते आहे, की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींनीही ते वाचावं आणि पटलं तर या मागणीवर सही करावी.

मागणी साधी आहे. ॲनाहाइम स्ट्रीटवरच्या मार्क ट्वेन ग्रंथालयाच्या आसपास महापालिकेच्या मालकीची एखादी मोठी भिंत द्या, आणि तिच्यावर काय रंगवायचं ते ख्मेर मुलामुलींना ठरवू द्या. भिंत मिळेल, असं मला वाटतं. ठरवण्याचा अधिकार मिळेल का, याची धास्ती आहे.

कंबोडियातल्या अंकोरवाट मंदिराचे कळस आणि नाचणाऱ्या अप्सरा यांना कुणी हरकत घेत नाही. त्या रंगवाव्यातच. पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत कंबोडियाचे बहुतेक शास्त्रीय नर्तक मारले गेले किंवा उपासमारीने गेले. जे थोडे वाचले त्यांनी आठवणीतून एकेक हस्तमुद्रा पुढच्या पिढीच्या बोटांत बसवली, आणि ते शिक्षण आपल्या शहरापर्यंत पोहोचलं. पण कळस आणि अप्सरांपाशीच चित्र थांबवलं, तर या मुलांच्या आजीआजोबांचं आणि खुद्द त्यांचं आयुष्य त्यातून गळून जातं.

१७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९. पावणेचार वर्षांत सुमारे ऐंशी लाखांच्या देशातली सतरा ते वीस लाख माणसं मेली. नॉम पेन्हमधल्या एका शाळेचा तुरुंग केला गेला. तिथे आणलेल्या हजारोंपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जगले. त्यांतले एक वान नाथ. चित्रकार होते म्हणून वाचले. पोल पॉटची चित्रं काढण्यासाठी त्यांना जिवंत ठेवलं होतं. सुटल्यावर त्यांनी त्याच तुरुंगातला छळ रंगवला आणि २००९ मध्ये तुरुंगप्रमुखाच्या खटल्यात साक्षही दिली. चित्र ही पुराव्याची गोष्ट असते, हे ख्मेर माणसाला आपण शिकवायची गरज नाही.

आणि लाँग बीचचा स्वतःचा इतिहास? १९८० च्या दशकात या भागातल्या सुमारे दीडशे कंबोडियन स्त्रियांची नजर गेल्याची नोंद संशोधकांनी केली. डॉक्टरांनी तपासलं तर डोळे शाबूत. नवरा, मुलं, आईबाप यांची हत्या डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्या बायका होत्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटवेना. आज शाळेत जाणाऱ्या मुलींपैकी काहींच्या त्या आज्या, पणज्या असतील. शहराच्या एकाही भिंतीवर त्यांच्यासाठी जागा नसावी, हे मला सहन होत नाही.

आता ज्यावर खरा वाद होईल ते. थायलंडमधल्या निर्वासित छावण्यांत जन्मलेली, तान्ही असताना इथे आलेली कितीतरी मुलं शहराच्या सर्वांत गरीब वस्त्यांत वाढली. घरी बोलणं कमी, बाहेर टोळ्या. काहींच्या हातून गुन्हे घडले, त्यांनी शिक्षाही भोगली. मग १९९६ चा स्थलांतर कायदा आणि २००२ चा कंबोडियाशी झालेला करार यांच्या आधारे, शिक्षा संपवून संसाराला लागलेल्या माणसांनाही परत पाठवणं सुरू झालं. तेही अशा देशात, जो त्यांतल्या अनेकांनी पाहिलेलाच नव्हता. ख्मेर रूजने फोडलेली घरं इथे पुन्हा फुटली. मुलं भिंतीवर विमानतळावरचा निरोप रंगवतील, शाळेतल्या समुपदेशकाची मागणी रंगवतील, पोलिसांविषयीही बोलतील. मंजुरीच्या टेबलावर ‘जरा सौम्य करा’ असा शेरा मारून ते खोडू नका, ही कळकळीची विनंती.

यात मी का पडते, असं कुणी विचारेल. मी नागपूरच्या बौद्ध घरातली. इथे आल्यावर विलो स्ट्रीटवरच्या ख्मेर विहारात गेले तर भिक्खू जे त्रिशरण म्हणत होते, ते मला लहानपणापासून पाठ होतं, तीच पाली. ख्मेर नववर्ष आणि आमची १४ एप्रिलची जयंतीही एकाच आठवड्यात येतात. आमच्या वस्तीत बाबासाहेब भिंतीवर होते. पुस्तकात ते नीट भेटायच्या कितीतरी आधी, निळ्या कोटातले, हातात संविधान घेतलेले, ते आम्हाला रोज दिसत. आपण कोण आहोत हे मला त्या भिंतीने सांगितलं. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कंबोडियन नरसंहाराच्या अभ्यासक्रमासाठी कायदा केला, हे चांगलंच झालं; पण अभ्यासक्रम वर्गात असतो आणि शाळा सुटल्यावर मुलं रस्त्यावर असतात.

व्यवहाराचंही बोलू. काम करणाऱ्या मुलांना मानधन द्या. ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवू नका. देखभालीची तरतूद आधी करा आणि भिंत पुसायची नाही, हे लेखी द्या. २००६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये केंट ट्विचेल यांचं मोठं भित्तिचित्र त्यांना न विचारता रंग फासून झाकलं गेलं. प्रकरण अकरा लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं, पण चित्र गेलं.

शेवटची विनंती. या विषयावरची सुनावणी नगरभवनात दुपारी न ठेवता ग्रंथालयात संध्याकाळी ठेवा. ख्मेर ही आपल्या भाषाधोरणातली भाषा आहे, तेव्हा दुभाषे बसवा, म्हणजे ज्येष्ठांना नातवंडांच्या तोंडून बोलावं लागणार नाही. येत्या नववर्षाच्या आत तारीख जाहीर करावी. मी येईन, सह्यांचे कागद घेऊन.

आपली,
लाँग बीचची एक मराठी रहिवासी