सुहासला पत्र : पट्ट्याबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. मणके जोडण्याच्या ऑपरेशननंतर (फ्यूजन) हाड जुळावं म्हणून डॉक्टरांनी तुला जो पट्टा सांगितलाय, त्याबद्दल 'प्रदर्शनात मिळतो तो चुंबकाचा पट्टाच हा, फक्त महाग,' असं तू लिहिलंस. तसं नाही रे.

प्रदर्शनातल्या पट्ट्यात साधं, स्थिर चुंबक असतं. तुला सांगितलेल्या यंत्रात तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज थांबून थांबून सोडतात, चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं आणि आत हाडापाशी अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. हाडाला विजेची भाषा मुळातच कळते. 1957 साली जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी दाखवून दिलं, की हाडावर ताण आला की त्यात विद्युतभार तयार होतो. 1979 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा यंत्राला मान्यता दिली, मणक्याचा नंबर नंतर लागला.

तुझ्या पाठीतले स्क्रू आणि रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. खरं काम ग्राफ्टमधून, म्हणजे मणक्यांमध्ये भरलेल्या हाडातून, वाढणाऱ्या नव्या हाडाचं, आणि त्याला सहा महिने, वर्षही लागतं. हाड धरलंच नाही, तर स्क्रू सैल होतात, रॉड तुटू शकतो. तुझं तर दोन लेव्हलचं, म्हणजे मणक्यांमधल्या दोन सांध्यांचं, फ्यूजन, वर मधुमेह. डॉक्टरांनी उगाच नाही सांगितलं.

अर्थात जादू नाही. मानेच्या फ्यूजनवरची 2008 ची एक मोठी चाचणी आहे, सिगारेट ओढणारे किंवा एकाहून जास्त लेव्हलचं ऑपरेशन झालेले लोक घेऊन केलेली. सहा महिन्यांनी यंत्र वापरणाऱ्यांपैकी 83.6 टक्क्यांचं हाड जुळलं होतं, न वापरणाऱ्यांपैकी 68.6 टक्क्यांचं. वर्षाअखेरीस मात्र ठोस फरक उरला नाही, दुखणंही वेगळं कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून पट्टा लावला आणि पाठ दुखतेच, असं झालं तरी तो काढून ठेवू नकोस. तो दुखण्यासाठी नाहीच.

आमच्या सुनंदालाही ऑपरेशननंतर असाच पट्टा होता. ती संध्याकाळी तो कॉटनच्या कुर्त्यावरूनच बांधायची आणि गॅलरीत मेथी निवडत बसायची. अंगाला काही जाणवत नाही, म्हणूनच विसरायला होतं. तिच्या यंत्रात वापराचे तास नोंदले जायचे, तपासणीला गेलं की डॉक्टर आधी तेच बघायचे. पुढे सीटी स्कॅनमध्ये दोन मणक्यांमधला नव्या हाडाचा पांढरा पूल त्यांनी बोटाने दाखवला, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं हसली.

आता मनापासून सांगतो. पट्ट्याआधी सिगारेट सोड. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, नवं हाड धरत नाही. एका हाताने पट्टा बांधायचा आणि दुसऱ्या हाताने काडी ओढायची, याला अर्थ नाही. साखर ताब्यात ठेव. दुकानातून परस्पर पेनकिलर आणू नकोस, त्यातल्या काही गोळ्या हाड जुळण्याच्या आड येतात. रोज किती तास, किती महिने आणि सीटी कधी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घे.

दाखवायला पुण्याला येशील तेव्हा आमच्याकडेच उतर. खालच्या खोलीत पलंग टाकलाय, जिना चढावा लागणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश