चाकाचे बोल्ट आवळण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

स्टुटगार्टला यंदा गाडीची हिवाळी चाकं तू स्वतःच बसवणार आहेस, असं आईकडून कळलं. फार बरं वाटलं. तुझ्याकडे दोन्ही जोड आपापल्या रिमवर चढवलेले आहेत, म्हणजे टायर उतरवायची भानगड नाही, नुसती चाकं बदलायची. ते तुला सहज जमेल. मला सांगायचं आहे ते फक्त बोल्ट आवळण्याबद्दल. भोसरीच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी बोल्ट तपासण्यात झाली. तिथे एक गोष्ट पक्की समजली: बोल्टला ताकद लावायची नसते, माप लावायचं असतं.

इथल्या आपल्या मारुतीला हबमधून (चाक ज्यावर बसतं आणि फिरतं तो भाग) स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्या, बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतात. चाक स्टडवर अडकवलं की ते निम्मं बसल्यातच जमा. तुझ्या फोक्सवॅगन गोल्फला स्टड नाहीत. बोल्ट रिममधून थेट हबच्या आट्यांत जातो. त्यामुळे चाक उचलून, भोकासमोर भोक आणून, पहिला बोल्ट वरच्या भोकात हाताने लावायचा. पाना नाही, हातच. आटे बरोबर धरले असतील तर बोल्ट बोटांनी अलगद फिरत आत जातो. जरा जरी अडला तर उलटा काढ आणि पुन्हा लाव. वाकडा घुसलेला बोल्ट पान्याने रेटला की हबचे आटे जातात, आणि हब बदलणं महाग काम आहे.

आता बोल्ट नेमकं काय करतो ते ऐक. गाडीचं वजन बोल्टांच्या दांड्यांवर टेकलेलं असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. बोल्ट रिमला हबवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते चाकाला जागेवर ठेवतं. दाब येतो कुठून? आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा मागे यायला बघतो, तिथून. तुझ्या गाडीचे बोल्ट एम १४, म्हणजे चौदा मिलिमीटर जाडीचे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर. सातव्या पिढीच्या गोल्फला टॉर्क, म्हणजे पान्याने द्यायचा पीळ, १२० न्यूटन मीटर. तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडा स्वतः पाहून घे. कोरड्या आट्यांवर एवढ्या टॉर्कला एकेक बोल्ट ढोबळ हिशेबाने चार टनांनी ओढतो. पाच बोल्टांचे झाले वीस टन. आणि एवढ्या दाबासाठी बोल्ट ताणला जातो किती? मिलिमीटरचा विसावा भाग, फार तर. केसाच्या जाडीहूनही कमी.

हे एकदा ध्यानात आलं की बाकी सगळे नियम आपोआप कळतात. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला आणि गाडी चालताना तो चुरडला, तर केसाएवढी जागा मोकळी होते आणि बोल्टाचा बहुतेक ताण तिथेच संपतो. बोल्ट फिरलेला नाही, दिसायला जसाच्या तसा, पण दाब नाही. म्हणून जुनं चाक काढल्यावर हबचा आणि रिमच्या मागचा टेकायचा भाग वायर ब्रशने लख्ख घास. थंडीत तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, गंज असणारच. या कामाला वेळ गेला तरी जाऊ दे.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नकोस. पान्याच्या टॉर्कमधला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो, उरलेला सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. तेलाने घर्षण कमी झालं की टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क झाला की टक् वाजणारा पाना) तितक्याच आकड्याला वाजेल, पण बोल्ट किती तरी जास्त ताणला गेलेला असेल. १२० हा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहे.

पाय देऊन पाना दाबणारी माणसं तू इथे पंक्चरच्या दुकानात पाहिली आहेस. हिशेब कर. साठ सेंटिमीटरची दांडी आणि साठ किलोचं माणूस, म्हणजे साडेतीनशे न्यूटन मीटर, जवळजवळ तिप्पट. १०.९ दर्जाचा बोल्टसुद्धा तिथे कायमचा लांबतो. (१०.९ मधला दहा म्हणजे दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनपर्यंत तुटत नाही, आणि त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास तो कायमचा ताणला जायला लागतो.) असा बोल्ट पुन्हा कधीच भरवशाचा नसतो, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर तुझ्याच्याने तो सुटणारही नाही.

हिवाळी रिम लोखंडी आणि उन्हाळी ॲलॉय असतील, तर दोन्हींना तेच बोल्ट चालतात का हे आधी विचारून घे. फोक्सवॅगनच्या मूळ रिमना गोल बैठकीचे (बैठक म्हणजे डोक्याखालचा रिमला टेकणारा भाग) बोल्ट लागतात, बाहेरून घेतलेल्या बऱ्याच ॲलॉयना शंकूच्या बैठकीचे. चुकीची बैठक काठावर कशीबशी टेकते आणि दाब धरत नाही. लांबीही बघ: एम १४ चा बोल्ट हाताने निदान साडेसात फेरे आत गेला पाहिजे. बोल्टांमध्ये एखादा कुलपाचा, म्हणजे चोरी टाळण्यासाठी वेगळ्या डोक्याचा, असेल तर तो फिरवायचा अडॅप्टर काम सुरू करण्याआधी हाताशी ठेव.

क्रम तुला माहीत आहे. हँडब्रेक, गिअर, सपाट जमीन, जॅक फक्त खुणेच्या जागी. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. नवीन चाक लावल्यावर पाचही बोल्ट हाताने, मग पान्याने हलके, एक सोडून एक असे चांदणीच्या क्रमाने, म्हणजे रिम सरळ टेकते. गाडी खाली घे आणि मग त्याच क्रमाने टॉर्क रेंच. हळू, एका दमात ओढायचा, टक् झालं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा टकटक करू नकोस, दर वेळी बोल्ट थोडा पुढे सरकतो. आणि टॉर्क रेंचने बोल्ट सैल करायचे नाहीत, त्यासाठी साधा पाना वापर. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेव, नाहीतर त्यातली स्प्रिंग ताणलेली राहते आणि माप बिघडतं.

पन्नास किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपास. हे टाळू नकोस, बाळा. नव्याने टेकलेले पृष्ठभाग पहिल्या काही तासांत बसतात, ब्रेक तापतात, थंड होतात, आणि तो केसाएवढा ताण तेव्हाच कमी होतो. तोवर ऑटोबानवर वेगात जाऊ नकोस. स्टिअरिंग थरथरलं किंवा चाकातून ठकठक ऐकू आली तर बाजूला थांब आणि बघ. घरी पोचल्यावर बघू असं करू नकोस.

आणखी एक, टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे ना? १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर तेच टायर चालतात, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. काढलेल्या उन्हाळी चाकांवर खडूने पुढचं डावं, मागचं उजवं असं लिहून ठेव.

रविवारी उजेडातच कर काम. टॉर्क रेंच कुणाचा मागून आणणार असशील तर तो शेवटचा कधी तपासला होता ते विचार. आईने डिंकाचे लाडू पाठवलेत.

तुझे बाबा