पेन्सिलीतल्या दोन शब्दांना जपल्याबद्दल

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

नाव कुठेही येऊ देऊ नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून हे पत्र बिननावाचं. पण उघडपणे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. जुने कागद सांधणाऱ्या तुमच्या हातून दुरुस्त होऊन माझ्या संग्रहातलं ते जुनं पत्र परत आल्यापासून ते पुन्हा पुन्हा बाहेर काढावंसं वाटतं, आणि उजेडाने शाई उडते हे तुम्हीच सांगितलंय म्हणून मी हात आवरते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. एका मोठ्या लेखकाने कधीही न भेटलेल्या एका वाचकाला लिहिलेलं हे पत्र माझ्या संग्रहात आहे. लेखकाचं नाव आणि पत्रातल्या ओळी इथे देत नाही. कागद माझा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लेखकाच्या वारसांचा असतो, आणि तो मला पाळायचाय. मधल्या घडीवर कुणीतरी कधीकाळी चिकटपट्टी लावलेली होती. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरला होता. घडीवर जिथे शाईची जाड रेघ आली तिथे कागदाला तडा जात होता.

हे घेऊन मी जाणकार म्हणवणाऱ्यांकडे गेले. एकाने लॅमिनेशन करून टाका म्हटलं, म्हणजे कायमची काळजी मिटेल. विसाव्या शतकात कित्येक अभिलेखागारांनी विश्वासाने तेच केलं होतं आणि पुढच्या पिढीतल्या संवर्धकांना ते थर सोडवत बसावं लागलं, हे या माणसाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याने खालची सही तेवढी कापून चौकटीत लावायला सांगितलं, बाकीचा कागद गेलेलाच आहे म्हणून. पत्रातला माणूस फेकून द्यायचा आणि सही भिंतीवर टांगायची! तो सल्ला आठवला की आजही माझा संताप होतो. तिसऱ्याची नजर समासातल्या पेन्सिलीच्या खुणेवर गेली. खोडरबराने पुसून देतो, पत्र स्वच्छ दिसेल, किंमत वाढेल, म्हणाला. त्यांच्यापैकी प्रत्येकाने पत्र हातात घेताच आधी उलटून सही पाहिली होती.

तुम्ही सही पाहिलीच नाहीत. वरून, मायन्यापासून, शेवटपर्यंत पत्र वाचलंत. मग समासातले ते दोन शब्द वाचलेत: ‘उत्तर धाडलं’. खाली तारीख. अक्षर लेखकाचं नाही, ज्याला पत्र आलं त्याचं. तुम्ही स्वच्छ कागदाची एक बारीक पट्टी कापलीत आणि काम सुरू करण्याआधी त्या शब्दांवर अलगद ठेवलीत. मी पाहत राहिले तेव्हा मान वर न करता तुम्ही म्हणालात, “पेन्सिल लगेच पुसटते हो, माझा हात लागायला नको.”

बाई, त्यानंतर तुम्ही काय काय केलंत ते इथे लिहीत नाही. ती तुमची विद्या आहे, मला ती धड सांगताही येणार नाही. जुनी चिकटपट्टी निघाली, तडा जपानी कागदाने सांधला गेला, आणि उद्या कुणाला तो सांधा सोडवायचा झाला तर सोडवता येईल अशाच खळीने चिकटवलाय, एवढं मला कळलं. पण माझ्या मनात घर करून राहिली ती कागदाची पट्टी. जगाला ज्याचं नाव माहीत नाही, ज्याच्या अक्षराला बाजारात कवडीची किंमत नाही, त्याच्या दोन शब्दांना तुम्ही त्या मोठ्या लेखकाच्या अक्षराइतकंच सांभाळलंत.

आणि खरं पाहिलं तर आमचा सगळा छंद अशाच माणसांवर उभा आहे. पत्र लिहिणारा ते पाठवून मोकळा होतो, जपतो तो घेणारा. 1860 साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने आपल्याला आलेल्या पत्रांची होळी केली. त्याने स्वतः लिहिलेली चौदा हजारांहून अधिक पत्रं मात्र आज उपलब्ध आहेत, कारण ती ज्यांच्या हाती पडली त्यांनी सांभाळली. लेखक काफ्काची वाग्दत्त वधू फेलिस बाउअर हिने त्याची पाचशेच्या वर पत्रं जपून ठेवली, तिने त्याला लिहिलेली मात्र उरली नाहीत. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनची सुमारे 160 पत्रंच आपल्यापर्यंत पोहोचली. तिच्या बहिणीने, कॅसँड्राने, बरीचशी नष्ट केली असं आपण नेहमी हळहळत सांगतो. पण उरलेल्यांतली बहुतेक त्याच कॅसँड्राला लिहिलेली आणि तिनेच राखलेली आहेत, हे सांगायचं राहून जातं. लिलावाच्या यादीत या माणसांची नावं बारीक टायपात असतात.

माझ्या पत्रातल्या वाचकाचं उत्तर लेखकाकडे राहिलं की नाही, कुणास ठाऊक. त्याने ते धाडलं, याचा माझ्याकडे असलेला एकमेव पुरावा म्हणजे ते दोन शब्द. तिसऱ्या जाणकाराच्या खोडरबराने ते क्षणात गेले असते.

कौशल्य असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. आपल्या कौशल्याला समोरची वस्तू कुणाची आहे याचा विचार करायला लावणारी फार थोडी. तुम्ही माझ्यावर मेहरबानी करत होतात असंही नव्हे. मी तिथे नसते तरी तुम्ही ती पट्टी ठेवलीच असतीत, याची मला खात्री आहे. म्हणूनच ते मला इतकं मोलाचं वाटतं. चांगुलपणा बघणाऱ्यासाठी नसतो तेव्हा त्याच्यावर विसंबता येतं. मी त्याच्यावर विसंबून माझी सगळ्यात लाडकी वस्तू तुमच्या टेबलावर सोडून घरी गेले आणि त्या रात्री निवांत झोपले.

आता माझ्या संग्रहाच्या वहीत एक नवा रकाना आखलाय. पत्र कुणी लिहिलं याच्या शेजारी, ते कुणाला आलं आणि त्याच्या हातची काही खूण कागदावर आहे का. पाकिटंही आता पत्रांच्या सोबतच ठेवते, टपालाच्या शिक्क्यांसकट. या नोंदी करताना आणखी एक पत्र सापडलंय. त्याच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने बरंच काही लिहिलंय, फार फिकट आहे, मला लागत नाही. तुम्हाला सवड असेल तेव्हा घेऊन येऊ का?

तुमची ऋणी,
एक संग्राहक