मुलीस पत्र : ‘लेडी बी गुड’च्या नऊ जणांविषयी

नाशिक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे रेटिंग, म्हणजे एकटीने काम करण्याची पात्रता, झाले आणि आता विमानतळाच्या नियंत्रण टॉवरमध्ये तू कोणाच्या देखरेखीशिवाय बसणार, हे आईकडून कळले. फार बरे वाटले. त्या दिवशी फोनवर तू विचारले होतेस की, रडार नव्हते तेव्हा जमिनीवरची माणसे केवळ रेडिओच्या आधाराने विमानाला वाट कशी दाखवत असत. मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. पण वायुसेनेत आयुष्यभर रेडिओचे संच उघडण्या-जोडण्याचे काम केलेल्या माणसाने स्वतःच्या मुलीला एवढेच सांगून थांबू नये, असे नंतर वाटत राहिले. म्हणून ‘लेडी बी गुड’ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाची हकिकत सविस्तर लिहितो. तुझ्या अभ्यासक्रमात ती एखाद्या ओळीत येऊन गेली असेल. तिच्यात जमिनीवरच्या माणसांचा जो भाग आहे, तो तू नीट पाहावास अशी माझी इच्छा आहे.

4 एप्रिल 1943 रोजी लिबियात बेंगाझीजवळच्या सुलूक येथील तळावरून 25 लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने इटलीतील नेपल्सच्या बंदरावर बॉम्बहल्ला करण्यासाठी निघाली. तळावर वाळूचे वादळ उठले होते आणि काही विमानांच्या इंजिनांत वाळू गेल्याने ती अर्ध्या वाटेवरून परतली. ‘लेडी बी गुड’वरचे नऊही जण नवीन होते आणि एकत्र अशी ही त्यांची पहिलीच मोहीम होती. वैमानिक विल्यम हॅटन, सहवैमानिक रॉबर्ट टोनर, नॅव्हिगेटर हेज, बॉम्ब टाकण्याची जबाबदारी असलेला जॉन वोराव्हका आणि त्यांच्याबरोबर रिपस्लिंगर, लामोट, शेली, मूर व अ‍ॅडम्स. नेपल्सला पोहोचेपर्यंत अंधार झाला होता, लक्ष्य दिसेना, म्हणून बॉम्ब समुद्रात टाकून हे विमान एकटेच परत फिरले.

मध्यरात्रीनंतर हॅटनने रेडिओवरून कळवले की त्याचे स्वयंचलित दिशादर्शक यंत्र चालत नाही आणि त्याला दिशा हवी आहे. बेंगाझीजवळच्याच बेनिना येथील रेडिओ केंद्राने बेअरिंग, म्हणजे केंद्रापासून विमानाची अंशांतली दिशा, घेऊन दिले : 330 अंश. म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला, समुद्रावर आहे आणि आग्नेयेकडे येत राहिले की तळ लागेल. आता यातली मेख पाहा. त्या काळच्या साध्या लूप, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, अँटेनाने दिशा शोधताना अँटेना फिरवत न्यायचा आणि आवाज सर्वांत क्षीण होईल तिथे थांबायचे. पण आवाज असा क्षीण होण्याच्या जागा दोन असतात, एकमेकींच्या बरोबर विरुद्ध. त्यामुळे यंत्र फक्त रेषा सांगते. विमान त्या रेषेवर केंद्राच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ते सांगत नाही. ते ठरवायला दुसरा अँटेना लागतो, किंवा दुसऱ्या ठिकाणच्या केंद्राचे बेअरिंग लागते, किंवा निदान विमानाला थोडा वेळ आडवे उडायला सांगून आकडा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहावे लागते.

विमान तोवर तळावरून पुढे निघून गेलेले होते. मागून जोराचा वारा असल्याने ते अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचले असावे, असे मानले जाते. केंद्रातल्या माणसाच्या मनात मात्र विमान अजून समुद्रावरच होते, कारण नेपल्सहून येणारे विमान समुद्रावरूनच येणार. आकडा चुकलेला नव्हता. 330 ही रेषा अगदी बरोबर होती आणि तिच्या खोट्या टोकाकडे पाहून उत्तर दिले गेले. हॅटनने त्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि जवळजवळ दोन तास सहाराच्या आत, आत जात राहिला. खाली काळोख होता. समुद्राचा आणि वाळवंटाचा काळोख वरून सारखाच दिसतो. पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आले तेव्हा नऊही जणांनी पॅराशूट घेऊन उड्या टाकल्या. ते तळापासून सुमारे 700 किलोमीटर आग्नेयेला होते.

पुढचे सगळे टोनरच्या खिशात सापडलेल्या छोट्या डायरीमुळे कळते. आठ जण एकत्र आले. जॉन वोराव्हका काही सापडला नाही. समुद्र जवळच असणार अशा समजुतीने ते वायव्येला चालू लागले. पाणी होते अर्धी बाटली, आणि माणशी दिवसाला एक झाकणभर असे ते वाटून घेतले. पंधरा मिनिटे चालायचे, पाच मिनिटे बसायचे. दुपारच्या उन्हाला टोनर नरक म्हणतो आणि रात्री थंडीने झोप येत नाही. गुरुवारी वाळूच्या टेकड्या लागल्या, लामोटची दृष्टी गेली आणि इतरांचेही डोळे सुजून निकामी होत चालले. शुक्रवारी शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले, पाच जण तिथेच राहिले. रविवारच्या नोंदीत टोनर लिहितो की पाणी असते तर आम्ही पोहोचलो असतो. शेवटची नोंद सोमवार, 12 एप्रिलची आहे. तिच्यात मदत अजून आलेली नाही आणि रात्र फार थंड होती, इतकेच आहे.

मुक्ता, त्यांचे विमान त्यांनी उड्या मारल्या तिथून सुमारे 25 किलोमीटर दक्षिणेला, सपाट रेताड जमिनीवर पोटावर घसरत उतरले होते आणि बरेचसे शाबूत होते. त्यात पाणी होते, खाणे होते. ते विरुद्ध दिशेला चालले म्हणून त्यांना बोल लावणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला राग येतो. रिकामे विमान आपोआप असे उतरेल हे कोणाच्या ध्यानीमनी येणार? आणि तळ वायव्येला आहे हे तर त्यांना बरोबरच ठाऊक होते. फक्त किती लांब आहे ते ठाऊक नव्हते, आणि ते ज्यांच्या सांगण्यामुळे ठाऊक नव्हते ते जमिनीवर होते.

तळावरच्या लोकांनी शोध घेतला, पण समुद्रावर. विमान दक्षिणेला, वाळवंटात गेले असेल अशी शंकाच कोणाला आली नाही. बेनिनाच्या खोलीत जे घडले तेच इथे पुन्हा घडले : विमान जिथे असायला हवे असे आपल्याला वाटते तिथेच ते आहे, असे धरून चालणे. घरच्यांना मुलगा बेपत्ता असल्याचे कळवले गेले आणि विमान भूमध्य समुद्रात बुडाले असावे, या निष्कर्षावर प्रकरण मिटले.

1958 मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना ते विमान हवेतून दिसले आणि पुढच्या वर्षी माणसे तिथवर पोहोचली. थर्मासमधले पेय पिण्याजोगे होते, मशीनगन चालत होती. रेडिओचा संचसुद्धा चालू झाला. सोळा वर्षे उन्हात पडलेला संच चालतो, यावर माझ्या हयातभराच्या अनुभवाने मी सहज विश्वास ठेवतो. कोरड्या हवेत धातू फारसा गंजत नाही. या विमानाचे सुटे भाग ज्या विमानांत बसवले ती शापित झाली, अशा गोष्टी पुढे पसरल्या. त्या तू वाचल्यास तर तिथेच सोडून दे.

1959 मध्ये अमेरिकन सैन्याने माणसांचा शोध सुरू केला. पॅराशूटच्या पट्ट्या, बूट, जीवरक्षक जाकिटे वाळूत बाणासारखी मांडून त्यांवर दगड ठेवलेले सापडले. मागून येणाऱ्याला वाट कळावी म्हणून ती खूण होती, आणि तिच्या मागून माणूस आला तो इतक्या वर्षांनी. वाळूच्या टेकड्या सुरू झाल्यावर खुणा संपल्या. पाण्याविना माणूस या वाळवंटात याहून लांब जाऊच शकत नाही, असा हिशेब करून शोध थांबवला गेला. फेब्रुवारी 1960 मध्ये तेलकंपनीच्याच लोकांना पाच जण एकत्र सापडले, उतरल्या जागेपासून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर. मे महिन्यात शेली आणि रिपस्लिंगर सापडले, तेही त्या पाच जणांच्या पुढे आणखी तीस किलोमीटरांहून लांब. त्या अवस्थेत, त्या डोळ्यांनी, ते एवढे चालले. ऑगस्टमध्ये वोराव्हका सापडला. त्याचे पॅराशूट नीट उघडलेच नव्हते. मूर आजपर्यंत सापडलेला नाही.

म्हणजे जमिनीवरच्या माणसांनी तीन वेळा त्यांच्याभोवती रेघ ओढली आणि तिन्ही वेळा ते त्या रेघेच्या पलीकडे होते. 1943 च्या त्या खोलीत, त्यानंतरच्या शोधात आणि 1959 मध्येही. यातले कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने आपल्याला शक्य वाटले तिथवर पाहिले आणि पुढे पाहिले नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त छळते ते हे.

आणि त्यांचे आईबाप. समुद्र म्हटले की आईबाप मनाला समजावू शकतात, की सगळे एका क्षणात संपले, पोराला कळलेही नसेल. ती समजूत घालून सतरा वर्षे गेल्यावर हातात डायरी येते आणि कळते की तो आठ दिवस जिवंत होता, चालत होता, आकाशाकडे पाहत विमानाची वाट बघत होता. तू आमची मुलगी आहेस म्हणून मी हे तुला लिहू शकतो : मला विचारले असते तर मी ती डायरी मागून घेतली असती. कितीही जड गेले तरी वाचली असती. तुझ्या आईचे मत वेगळे आहे, तिला समुद्रच बरा वाटतो, आणि तिलाही मी चूक म्हणणार नाही.

टोनरच्या त्या नोंदी मूळ इंग्रजीत फार थोड्या आहेत. दहा मिनिटांत वाचून होतात. रात्रपाळीला जाण्यापूर्वी वाचू नकोस, सुट्टीच्या दिवशी वाच. एक गोष्ट मला तुझ्याकडून समजून घ्यायची आहे, कारण यंत्र मला कळते पण कामाचा दाब तुला कळतो : त्या रात्री बेनिनातल्या माणसाच्या जागी तू असतीस, नवखा वैमानिक दिशा मागतो आहे, त्याचे इंधन कमी होत चालले आहे, तर दिलेला आकडा पडताळण्यासाठी त्याला पाच मिनिटे आडवे उडायला सांगण्याचे धाडस तुझ्या हातून झाले असते का, आणि तुमच्या आताच्या नियमांत त्याला किती जागा आहे? सवडीने सविस्तर लिही. फोनवर नको, पत्रातच लिही.

आईने लाडू पाठवले आहेत, मिळाल्याचे कळव.

तुझे बाबा