मुदतवाढ द्यावी, पण कागद पाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील वाटपाचे आणि वहिवाटीचे दिवाणी दावे साक्षीपुराव्यापर्यंत पोचण्याआधीच रेंगाळतात, आणि त्यामागे दस्तऐवज उघड करण्यासाठी पुन्हापुन्हा मिळणारी मुदतवाढ हे मोठे कारण आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 नुसार न्यायालय एखाद्या पक्षाला त्याच्या ताब्यातील दस्तऐवज शपथपत्रावर उघड करण्याचा हुकूम देऊ शकते. तो पाळला नाही तर वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो वा प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. न्यायालयाने दिलेली मुदत कलम 148 खाली एकूण 30 दिवसांपर्यंतच वाढवता येते. मात्र आवाक्याबाहेरच्या कारणामुळे तेवढ्यात काम होणे अशक्य असेल, तर त्यापुढेही मुदत देता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात 2005 साली स्पष्ट केले. आमच्या भागाला या सवलतीची खरोखर गरज आहे. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जुनी जमीनपद्धत, 1949 च्या कायद्याने गेली, तरी हक्काचा माग काढताना त्याआधीच्या नोंदींपर्यंत जावे लागते. कागद मोडी लिपीत असेल तर तो वाचणारा जाणकार शोधावा लागतो, आणि सामाईक सातबाऱ्यावरचे निम्मे वारस मुंबईत असतात.

परंतु जुन्या फेरफाराची नक्कल मिळत नाही म्हणून घरच्या पेटीतले वाटणीपत्रही दडवून ठेवणे, हे कसे चालते? दावा लांबला तरी बागेचा हापूस दरवर्षी उतरतोच, आणि त्याचे उत्पन्न कब्जा असणाऱ्याकडे जाते. त्याला मुदतवाढ फुकटच पडते. तोट्यात राहतो तो दुसरा भाऊ किंवा माहेरचा हिस्सा मागणारी बहीण. हिशेब पुढेमागे होईलही, पण वहिवाट डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे साक्षीदार तोवर राहत नाहीत.

म्हणून हाती असलेले सर्व कागद ठरल्या तारखेलाच दाखल व्हावेत आणि जो कागद मिळालेला नाही, तेवढ्याचे नाव घेऊन त्याच्यापुरतीच मुदत मागितली जावी. नकलेसाठी सरकारी कार्यालयात अर्ज केल्याची पोच त्या विनंतीला जोडणे न्यायालयांनी सक्तीचे करावे. पोच नसल्यास विरुद्ध पक्षाचा त्या तारखेचा खर्च द्यायला लावावा, आणि पोच असूनही कार्यालय नक्कल देत नसेल, तर पक्षकाराला पुढची तारीख देण्याऐवजी त्या कार्यालयालाच दस्तऐवज हजर करण्याचे समन्स काढावे.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)