विषय: साबणाच्या साच्याचे खोटे माप आणि स्टेनलेस स्टील म्हणून विकलेला ॲल्युमिनियमचा कटर

दि. 8 सप्टेंबर 2025
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साबणाचा लाकडी साचा (आत सिलिकॉनचे अस्तर असलेला) आणि तारेचा कटर असा संच मागवला. पैसे आगाऊ भरले. वस्तू गणपतीच्या आधी मिळाली. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या ग्राहक सेवेशी फोनवर आणि ईमेलवर बोलून झाले आहे. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, म्हणून हे रीतसर पत्र.

मी घरी कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचे पाणी न शिजवता एकत्र करून, साबण करते, घरच्यांपुरता आणि दिवाळीत अभ्यंगासाठी नातेवाइकांना द्यायला. खोबरेल तेल इथल्या घाण्याचे, सोबत तिळाचे तेल, थोडे एरंडेल आणि आमच्याकडचे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. साहित्याची इथे ददात नाही. अडचण आहे ती साच्याची आणि कटरची. बाजारात फुलापानांचे सिलिकॉनचे साचे मिळतात, पण ते वितळवून ओतायच्या साबणाचे. केकचे डबे मिळतात, ते बहुतेक ॲल्युमिनियमचे. लांबट लादी पाडायचा साचा आणि तिच्या सारख्या वड्या कापणारा कटर आमच्या भागात कुठल्याच दुकानात नाही. त्यामुळे माझ्यासारख्या लोकांना संकेतस्थळाच्या पानावर लिहिलेल्या चार ओळींवर भरवसा ठेवूनच मागवावे लागते. त्या चार ओळीच खोट्या निघाल्या.

आधी माप. आपल्या पानावर 'आतील माप 10 × 3.5 × 2.5 इंच' असे लिहिले आहे. ते खोक्याचे बाहेरचे माप आहे. अस्तर बसवल्यावर आतली लांबी सव्वानऊ इंच, रुंदी पावणेतीन आणि खोली दोन इंचांच्या किंचित वर भरते. नवा साचा मी कधीच थेट वापरत नाही, आधी काठोकाठ पाणी भरून ते काट्यावर तोलते. आपल्या मापाप्रमाणे 1,430 मिलीच्या आसपास मावायला हवे होते, मावले जेमतेम 890. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तूट.

साबणात मापाला एवढे महत्त्व का, हे आपल्या ग्राहक सेवेला माहीत नसावे, म्हणून लिहिते. तेल किती घ्यायचे ते साच्यावरून ठरते आणि कॉस्टिक सोडा किती घ्यायचा ते तेलावरून. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. 100 ग्रॅम खोबरेलाला साधारण 18.3 ग्रॅम, तिळाच्या तेलाला साडेतेराच्या आत. माझ्या प्रमाणात 600 ग्रॅम तेलाला 93 ग्रॅम सोडा बसतो, तोही पाच टक्के तेल मोकळे राहील असा हात राखून. हे सगळे ग्रॅमवर चालते. कोणी आपले माप खरे मानून किलोभर तेलाचे मिश्रण तयार केले, तर साचा भरून अर्धा किलोच्या आसपास मिश्रण हातात उरेल. ते साधे पीठ नव्हे. ताजे मिश्रण अंगावर पडले तर कातडी भाजते, आणि घट्ट होऊ लागले की दुसरा साचा शोधायला वेळ देत नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. 'पाईन लाकूड' असे लिहिले आहे. पहिली लादी काढली तेव्हा खोक्याच्या खालच्या कडा फुगलेल्या होत्या आणि एका कोपऱ्याचा पापुद्रा सुटला होता. जेल फेजमध्ये, म्हणजे साच्यातला साबण स्वतःच्याच उष्णतेने तापतो तेव्हा, लादी आतून सत्तर अंशांच्या वर तापते. त्या उबेला आणि ओलाव्याला टिकावे म्हणून तर लाकूड वापरतात. आमचे गाव लाकडी खेळण्यांचे. खोके मी चितारआळीतल्या एका कारागिराकडे नेले. त्यांनी नखाने कोपरा खरवडला, पिठासारखी भुकटी खाली पडली, आणि म्हणाले, "ह्यां लाकूड न्हय, दाबलेलो भुसो आसा." एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाचा फळा, वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. पण एमडीएफ आहे तर एमडीएफ लिहा आणि एमडीएफचीच किंमत घ्या.

आता कटर. ही माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे.

कटरची चौकट आणि तळ 'स्टेनलेस स्टील' असल्याचे पानावर म्हटले आहे. पुढे असेही लिहिले आहे की तळ सुटा काढून ट्रे म्हणून, अगदी 'लाय मिसळायलाही' वापरता येतो (लाय म्हणजे कॉस्टिक सोड्याचे पाणी). लादी कापून झाल्यावर वड्यांच्या खालच्या बाजूला करड्या-काळ्या रेघा दिसल्या आणि तळाची चकाकी गेली होती. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या पडवीत, तळाच्या मागच्या बाजूला सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. लगेच बुडबुडे आले, थेंब गढूळला, आणि पुसल्यावर तिथे काळपट डाग राहिला. तेच थेंब घरातल्या स्टीलच्या पातेल्यावर टाकले, तिथे काहीही झाले नाही. आपला तळ ॲल्युमिनियमचा आहे.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हायड्रोजन पेट घेतो. सोडा पाण्यात घातला की पाणी क्षणात ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते, आणि तापलेल्या द्रावणात ही क्रिया आणखी जोरात होते. साबण शिकवणारा कोणीही पहिल्याच दिवशी सांगतो की ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोड्याजवळ फिरकू द्यायचे नाही. आपण मात्र त्याच धातूचा ट्रे स्टीलच्या नावाने विकून त्यात लाय मिसळा असे लिहिता. एखाद्या नवशिक्या मुलीने गॅसच्या शेगडीशेजारी उभे राहून आपले ते वाक्य पाळले तर काय होईल? मला याचा मनापासून संताप आला आहे आणि तो मी लपवत नाही.

तारेबद्दल थोडक्यात. तार ताणायचा स्क्रू कितीही आवळला तरी ती सैलच राहते, आणि मार्गदर्शक खाचा तारेच्या मानाने इतक्या रुंद आहेत की तार खाली जाताना सरकते. एकाच वडीची जाडी वर 22 मिलिमीटर आणि खाली 27 भरली. तिसऱ्या वडीला तार तुटली. खोबरेल जास्त असलेला साबण लवकर कडक होतो. आठ-दहा तासांत, थोडा कोमट असतानाच कापावा लागतो, दुसऱ्या दिवसावर टाकला तर सुरी लावताच कडा ढासळतात. त्यामुळे 'नवी तार पाठवतो, सात दिवस थांबा' हे आपले उत्तर त्या लादीच्या काही उपयोगाचे नव्हते. भजनाचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून वाद्याची पोलादी तार आणून मी उरलेली लादी हाताने कापली. वीस-तीस रुपयांच्या त्या तारेने सरळ काप दिला, हे आपल्या कारखान्याला जरूर कळवा.

आपल्या प्रतिनिधीने आधी 'साबण जास्त घट्ट झाला असेल' असे सांगितले, मग पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन देऊ केले, आणि शेवटी वस्तू वापरली आहे म्हणून परत घेता येणार नाही असे कळवले. न वापरता तार तुटते की नाही हे कसे कळणार? आणि माप तर मी वापराआधीच, वस्तू आली त्याच आठवड्यात, फोटोसह कळवले होते. तो ईमेल आपल्याकडे आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे नसेल, तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. शिवाय खोक्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीही छापलेले नाही, फक्त आपल्या चिन्हाचा स्टिकर आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार हे सगळे छापणे बंधनकारक आहे, आणि जिथे आकाराला महत्त्व असते तिथे वस्तूचे मापसुद्धा.

माझी मागणी अशी आहे. संचाची पूर्ण रक्कम, पाठवणी खर्चासह, ज्या खात्यातून दिली त्याच खात्यात परत करा. कूपन नको. वस्तू आपल्या खर्चाने घेऊन जा. पानावरचे माप आतून मोजून, अस्तर बसवून लिहा, आणि त्याखाली किती मिलीलीटर मावते तेही द्या, म्हणजे घेणाऱ्याला प्रमाण काढता येईल. लाकडाचा आणि धातूचा खरा प्रकार लिहा. लाय मिसळण्याचे वाक्य आजच काढा. आणि हा कटर ज्यांनी ज्यांनी घेतला आहे त्या प्रत्येकाला तळ ॲल्युमिनियमचा असल्याचे लेखी कळवा. माझे पैसे द्यायला दोन दिवस उशीर झाला तर एकवेळ चालेल, या सूचनेला उशीर चालणार नाही.

महिनाभरात निवारण झाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तुटलेली तार, डाग पडलेला तळ आणि फुगलेले खोके मी जपून ठेवले आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीच्या पानाची छायाप्रत, मापाचे व काट्यावरील वजनाचे फोटो, तळावरील डागाचे फोटो, ईमेलच्या प्रती.